द्राक्षभूमीतील शारदीय यात्रा

मेघ ओसरले, आकाश धुतल्यासारखे निर्मळ झाले आणि घरोघरी घटस्थापनेची सिद्धता सुरू झाली, की भाविकांची पावले वणीच्या गडाकडे वळू लागतात. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी असा सुमारे ६० किलोमीटरांचा हा मार्ग देशातील प्रमुख द्राक्षभूमीतून जातो. मात्र मांडवावर लोंबणारे घोस पाहण्याच्या आशेने जो निघेल, त्याची निराशा होईल. शरदात या वेलीवर फळ नसते. असतो तो केवळ भरवसा.

यात्रेचा आरंभ रामकुंडापासून करावा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदामाई आश्विनात पूर ओसरून शांत झालेली असते. ज्याच्या पायाशी, कमरेशी की गळ्याशी पाणी आले यावरून नाशिककर पुराचे माप घेतात, तो दुतोंड्या मारुती आता कोरड्या अंगाने उभा दिसतो. जवळच नंदीविना असलेला कपालेश्वर आहे, वसईच्या विजयाची घंटा मिरवणारे नारोशंकराचे मंदिर आहे, आणि थोडे वर काळ्या पाषाणातील भव्य काळाराम मंदिर. याच मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, याचेही स्मरण दर्शनार्थ्याने ठेवावे. सायंकाळी ग्रामदेवता कालिकामातेच्या नवरात्र यात्रेत अवघे शहर लोटते.

शहर मागे पडले, की दिंडोरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंस तारांचे मांडव सुरू होतात. फ्रान्स-इटलीत शरद हा द्राक्षे तोडण्याचा काळ. आपल्याकडे मात्र तो छाटणीचा. उष्ण प्रदेशातील वेलीला हिमाची निद्रा लाभत नाही, म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीने फळ धरते. या दिवसांत एखादी बाग अगदी उघडीबोडकी, तर शेजारच्या बागेत नुकतेच कोवळे फुटवे, असे दृश्य दिसते. छाटणीनंतर साधारण आठ-दहा दिवसांत काडीचे डोळे फुगून फुटू लागतात. देवघरातील घटात धान्य अंकुरते, त्याच सुमारास शिवारात वेल अंकुरते, हा योग भाविकाच्या मनास स्पर्शून जाईल.

परंतु हाच काळ बागायतदाराच्या परीक्षेचा असतो. परतीचा पाऊस रेंगाळला, ढगाळ हवा टिकली, तर कोवळा घड जिरतो, फुलोऱ्यात कुज होते, पानांवर केवडा पसरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने नाशिकच्या बागांची अशीच दैना केली. केवड्यावर तो मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतो. या मिश्रणास नाव लाभले ते फ्रान्समधील बोर्डो या द्राक्षनगरीचे. जगात कोठेही जा, द्राक्ष पिकवणाऱ्याची चिंता एकच आहे.

याच द्राक्षांची वाइन करणारे कारखाने गेल्या पाव शतकात गंगापूर धरणाच्या परिसरात व दिंडोरी तालुक्यात उभे राहिले. पर्यटकांची एक रांग तिकडेही वळते. ज्याची त्याची रुची वेगळी. तथापि, या भूमीतील बहुतेक द्राक्षे खाण्यासाठीच पिकतात, हेही सांगितले पाहिजे.

नांदुरीपासून चढणीचा घाट लागतो आणि सातमाळा रांगेतील सप्तशृंगीचा कडा समोर येतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. कड्यात कोरलेली अष्टादशभुजा भगवती येथे उभी आहे. शेंदराचे जुने थर २०२२ साली काढल्यावर तिचे मूळ पाषाणरूप भक्तांना दिसू लागले. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषींनी म्हटलेले स्तवन ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी श्रद्धा आहे. त्याच मार्कंडेय पुराणातील सप्तशतीत, अनावृष्टीच्या काळी आपल्या देहातून उपजलेल्या शाकांनी जगाचे पोषण करीन, असे आश्वासन देवी देते. शाकंभरी हे नाम त्यावरूनच आले. गडावरून खाली पसरलेले हिरवे शिवार पाहताना त्या नामाचा अर्थ उमगतो.

पायऱ्या चढणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी २०१८ पासून रज्जुगाडीची सोय आहे. परतताना वाटेत बाग पाहावयाची झाल्यास मालकाची अनुमती अवश्य घ्यावी, आणि कोवळ्या फुटीस हात लावू नये. एका फुटव्याबरोबर एक घड जातो. माघ-फाल्गुनात हेच मांडव घोसांनी वाकलेले असतील. तेव्हा पुन्हा यावे. मात्र देवीपुढे हात जोडताना आपल्या घरादाराच्या क्षेमाबरोबर या वेलींसाठीही निरभ्र आकाश मागावे. आपल्या ताटात येणारा द्राक्षांचा घोस या दिवसांतच वेलीवर धरत असतो.