वाघ्याने सुई गिळली

कामावरून घरी येत होतो. वसाहतीच्या नळाजवळ गर्दी दिसली. साड्यांना फॉल-बिडिंग करून दोन मुलांना शिकविणाऱ्या आमच्या शेजारच्या ताई तेथे उभ्या होत्या आणि पायाशी त्यांचा वाघ्या. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, वीतभर गुलाबी दोरा लोंबत होता. एक काका दोरा ओढायला पुढे सरसावले, तेवढ्यात ताईंची आठ वर्षांची मुलगी रडत ओरडली, "ओढू नका, दोऱ्याला सुई आहे!"

सुई दुपारीच गेली होती. पोरीने पाहिले होते. पण सुई-दोरा जमिनीवर तिनेच टाकला होता, म्हणून मार बसेल या भीतीने ती गप्प राहिली. चार तास तसेच गेले.

रिक्षात घालून वाघ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. एक्स-रेमध्ये सुई पोटात स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी सांगितले, दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकले की आतडे दुसरे टोक पुढे ढकलू पाहते. परकराच्या नाडीवर कापड चुणते तसे आतडे दोऱ्यावर चुणत जाते आणि ताणलेला दोरा त्याला कापतो. वरून ओढले असते तर सुई अन्ननलिकेत रुतली असती. ताईंनी मुलीवर हात उगारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिने सांगितले म्हणून कुत्रा जिवंत आहे."

ऑपरेशनसाठी गल्लीत वर्गणी काढली. माणसांना औषध मिळत नाही आणि कुत्र्याला ऑपरेशन, असे काहींनी ऐकविले. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. पण विहारात आपण जे पहिले शील घेतो ते फक्त माणसापुरते नाही. शिवाय साड्या पोचवून ताईंना रात्री उशीर होतो, तेव्हा बस स्टॉपपासून घरापर्यंत सोबतीला वाघ्याच असतो. वर्गणी जमली.

कुत्रे असे का करते? ते चावत बसत नाही, गिळते. आणि नाकाचे ऐकते. रश्श्याचा वास लागलेली पिशवी, घामाचा मोजा, आंब्याची कोय, दाणे खाऊन टाकलेले कणीस, सारे त्याला अन्नच वाटते. कोय आणि कणीस तर आतड्यात बुचासारखे बसते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी लग्न-जयंतीचे उरलेले जेवण पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर फेकणे काही थांबलेले नाही. भुकेले कुत्रे गाठ सोडत नाही, पिशवीसकट खाते. एक्स-रेमध्ये धातू आणि हाड दिसते. प्लॅस्टिक किंवा कापड बहुधा दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते.

विषारी वस्तूंचे वेगळेच. चॉकलेट, द्राक्षे, मनुका कुत्र्याला घातक आहेत. आपण प्रेमाने भातावर रस्सा ओततो, पण कांदा-लसूण शिजवला तरी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, आणि ते काही दिवसांनी कळते. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. उंदराच्या काही औषधांनी तीन-चार दिवसांनंतर आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो, तोवर कुत्रे धडधाकट दिसते.

अशा वेळी मिठाचे पाणी पाजणारे पुष्कळ भेटतात. त्या मिठानेही कुत्रे मरू शकते. टोकदार वस्तू, अॅसिड किंवा रॉकेल पोटात गेले असेल तर उलटी करविणे जास्त धोक्याचे. सारख्या उलट्या, पाणीही न टिकणे, शी न होणे, पोट ताठ होणे, यांपैकी काही दिसले की सकाळची वाट पाहू नये. काय खाल्ले, किती, केव्हा, एवढे डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांचे पाकीट वा औषधाचा डबा असेल तर सोबत न्यावा. आणि हे बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलालाच ठाऊक असते. ते बोलेल असे घर हवे.

बारा दिवसांनी वाघ्याचे टाके निघाले. ताईंनी सुयांसाठी झाकणाचा डबा केला आहे. मुलगी रोज रात्री सुया मोजते. परवा एक कमी भरली, तेव्हा तिने दिवा लावून सगळ्या घराला उठविले. सुई साडीतच निघाली.