घराचे बाह्यांग : रायगड किनारा

घराच्या ज्या भागांवर ऊन, पाऊस व वारा यांचा प्रत्यक्ष आघात होतो, असे जोते, भिंतींचा बाहेरील पृष्ठभाग, छप्पर, दारे-खिडक्या आणि त्यांवरील गिलावा व रंग यांना मिळून घराचे बाह्यांग म्हणता येईल. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारपट्टीवर नवे घर बांधताना बाह्यांगाच्या साहित्याची व रंगाची निवड प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते : नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड आणि हवेतील क्षार. शोभेचा विचार यानंतर येतो.

उरणपासून अलिबाग, मुरुड व श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्टीत वर्षाकाठी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वाऱ्यामुळे तो तिरपा येऊन पश्चिम व दक्षिण बाजूंच्या भिंती भिजवतो. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार हवेत क्षार सोडतात. त्यांचे प्रमाण पुळणीलगत सर्वाधिक असून आत जावे तसे झपाट्याने घटते. नागाव, चौल, दिवेआगर, श्रीवर्धन इ. गावांतील जुनी घरे नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत. वाडीची झाडे क्षारयुक्त वारा अडवीत असल्याने ती एका अर्थी बाह्यांगाचेच पहिले आवरण ठरतात.

भिंती : काळा दगड (बेसाल्ट) घट्ट असून फार थोडे पाणी शोषतो, परंतु तो जड व घडण्यास कठीण असल्याने मुख्यतः जोत्यासाठी सोयीचा असतो. जांभा हा लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी युक्त असा सच्छिद्र दगड होय. खाणीत तो मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज काढता येतात. उघड्या हवेत तो कठीण होतो. चिऱ्याची भिंत ओलावा शोषते व नंतर बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा दिल्यास आत शिरलेले पाणी अडकून पडते. पाणी सुकताना क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि भिंतीला लोणा लागून गिलावा सुटतो. चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर जाऊ देतो; खराब झाल्यास तो आधी झिजतो व चिरा शाबूत राहतो. दरजा भरतानाही हेच तत्त्व पाळावे लागते. सांधा दगडापेक्षा टिकाऊ ठरल्यास काय घडते, हे मुरुडजवळच्या पद्मदुर्ग या जलदुर्गात दिसते : लाटा व क्षार यांनी तटाचे दगड झिजून खोल गेले आहेत व चुन्याचे सांधे मात्र कंगोऱ्यांसारखे पुढे आलेले आहेत.

सलोह काँक्रीटमध्ये क्षार आत झिरपून पोलाद गंजते; गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा अधिक असल्याने काँक्रीट तडकते. म्हणून भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार तीव्र परिस्थितीत सळईवर किमान ४५ मिमी. व समुद्राचे तुषार प्रत्यक्ष लागत असल्यास ५० मिमी. जाडीचे आच्छादन ठेवावे लागते. हा दोष वरच्या रंगाने झाकता येतो, दूर होत नाही.

छप्पर : पूर्वी स्थानिक कुंभारांनी घडविलेली नळीची कौले वापरीत. त्यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर रूढ झाली. लांब वळचण भिंतीला झडीपासून वाचविते; मात्र वादळात वारा तिच्याखाली शिरून छप्पर उचलतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून गेले, तेव्हा जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. यावर उपाय वळचण तोडण्याचा नसून वासे भिंतीशी पक्के जखडणे, कडेच्या ओळींतील कौले बांधून घेणे आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवणे हा आहे. पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही. खिळे, बिजागऱ्या व पत्रे साध्या लोखंडाचे असल्यास लवकर गंजतात.

लाकूड : साग व ऐन ही लाकडे प्रचलित आहेत. मुरुड तालुक्यातील नांदगाव येथे वास्तुशिल्पज्ञ बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये नारळाच्या वाडीत बांधलेल्या ‘पामायरा हाउस’ या घराचे बाह्यांग ताडाच्या खोडापासून केलेल्या झिलमिलींचे आहे. वारा खेळता ठेवून ऊन अडविणाऱ्या या घराची २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठी अंतिम यादीत निवड झाली होती.

रंग : चुन्याची पांढरी सफेदी उष्णता परावर्तित करते, पण पावसाळ्यानंतर तिच्यावर शेवाळाचे काळे ओघळ उठून दिसतात. त्यामुळे दिवाळीपूर्वी घर रंगविण्याच्या प्रथेला व्यावहारिक आधारही होता. चुना अल्कधर्मी असल्याने त्यात सर्व रंग टिकत नाहीत. गेरू, काव व पिवडी ही लोहयुक्त खनिजे चुन्यात आणि उन्हात स्थिर राहतात. गडद रंगाची भिंत अधिक तापते व तिच्यावरील अपार्य रंगाच्या थराला फोड येण्याचा संभव वाढतो. अंगणातील तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर सु. अर्धा मीटर उंचीपर्यंत उडतात. यास्तव खालच्या पट्ट्यास गेरू देणे किंवा तेथे काळा दगड उघडा ठेवणे हितावह असते.

निवड निश्चित करण्यापूर्वी गिलावा व रंग यांचे नमुने नैर्ऋत्येकडील भिंतीवर देऊन, शक्य तर एक पावसाळा, पाहावेत. सावलीतील फलकावर चांगला दिसणारा रंग ओल्या भिंतीवर व प्रखर उन्हात निराळा भासतो. या किनाऱ्यावर कोणतेही बाह्यांग कायमचे नसते. म्हणून ज्याची दुरुस्ती गावातील गवंडी व सुतार दरवर्षी अल्प खर्चात करू शकतील, ते साहित्य येथे अधिक योग्य ठरते.