रायफलची पितळी पुंगळी : लष्करी माल आणि बाजारी माल

मुरबाडच्या पेठेत आमचा धंदा कापडाचा. परवा पितळकाम करणारे एक कारागीर बंधू दुकानी आले व म्हणाले, "चाचा, भंगारात रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या मिळतात. लष्करी पितळ सरस असते म्हणे. घ्यावे का?" हा सवाल अनेकांचा असेल, म्हणून खुलासा करतो.

धातू दोन्हींचा एकच. 100 किलोत सुमारे 70 किलो तांबे, 30 किलो जस्त. फरक आहे तो घडणीत. कापडाचा पन्हा तोच, पण वजन वेगळे, तसा हा प्रकार. लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड असते. बाहेरचे माप तेच, मगर आतली जागा कमी. परदेशात जिथे पुंगळी पुन्हा भरण्याची मुभा आहे, तिथेही बाजारी पुंगळीच्या हिशेबाने लष्करी पुंगळीत दारू भरत नाहीत. जागा कमी पडली की दाब वाढतो आणि रायफल फुटण्याची जोखीम येते.

ओळखही सोपी आहे. लष्करी पुंगळीच्या बुडाची टोपी निसटू नये म्हणून कडेने दाबून पक्की केलेली असते. मानेवरचा भट्टीचा डागही तसाच राखतात. बाजारी माल बहुधा चकाकवतात. जणू एक कोरे कापड, दुसरे धुतलेले. बुडावर ठसा असतो : खडकीचा 'केएफ', वरणगावचा 'ओएफव्ही'.

आता मुद्द्याची गोष्ट. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणे वा विकणे गुन्हा आहे. शिवाय ढिगात एखादे जिवंत काडतूस निघाले तर भट्टीत फुटते. 2004 च्या सप्टेंबरात गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातले जिवंत तोफगोळे फुटले व 10 कामगार दगावले.

सबब, कारागीर बंधूंनो, अखंड पुंगळ्या तराजूवर चढवू नका. लिलावाचा कागद व पक्के बिल असलेले, ठेचलेले किंवा वितळवलेले पितळच घ्या. जिवंत काडतूस दिसल्यास हात न लावता पोलीस ठाण्यास कळवा. त्या बंधूंनाही आम्ही हेच सांगितले. किलोमागे चार पैसे वाचतील, पण भट्टी आणि अब्रू दोन्ही गमावून बसाल.