चाकूरच्या माळावरचे करवंद

लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुका बालाघाटाच्या पठारी रांगांवर वसलेला असून सखल भागातील काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर पिकत असली, तरी चढावरच्या माळांवर मातीचा थर इतका पातळ असतो की नांगराचा फाळ लगेच मुरुमाला लागतो. अशा माळांवर, ओढ्याकाठच्या उतारांवर आणि शेतांच्या जुन्या बांधांवर जी झुडपे तग धरतात त्यांत करवंदाचे स्थान वेगळे आहे. कारण हिवर, बोर, तरवड यांच्या सोबतीने वाढणारे हे झुडूप बारमाही हिरवे राहते, काट्यांच्या बळावर स्वतःचे रक्षण करते आणि ऊन सर्वांत कडक असते त्या दिवसांत फळ देते. सह्याद्रीच्या उतारांवर करवंदाच्या जाळ्या मुबलक असल्यामुळे त्याची ओळख कोकणाशी आणि घाटमाथ्याशी जोडली गेली आहे. मात्र मराठवाड्याच्या कोरड्या हवेतही ते मूळचे आहे.

वनस्पतिशास्त्रात करवंदाची प्रजाती ‘करिसा’ या नावाने ओळखली जाते आणि हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ मध्ये दिले. परसात लावले जाणारे, मोठ्या गुलाबी-पांढऱ्या फळांचे करवंद म्हणजे ‘करिसा करांडस’, तर डोंगरावरचे काळ्या लहान फळांचे रानकरवंद काही अभ्यासक ‘करिसा कन्जेस्टा’ या जातीत आणि काही ‘करिसा स्पायनॅरम’ या जातीत घालतात. फळाच्या आंबटगोड चवीवरून आणि काळसर रंगावरून इंग्रजांनी त्याला ‘बंगाल करंट’ म्हटले. परंतु युरोपातला करंट ‘रायबीझ’ या थंड प्रदेशातील प्रजातीचा असून भारतात त्याच्या रानटी जाती हिमालयातच आढळतात. करवंद मात्र कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुळातले आहे. पान किंवा कच्चे फळ तोडताच पांढरा चीक येणे ही या कुळाची खूण होय, आणि ज्या कुळात कण्हेरीसारखे विषारी झाड आहे त्याच कुळातले हे फळ लहान मुलेही निर्धास्तपणे खातात, ही निसर्गातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

करवंदाचे झुडूप साधारणपणे दोन ते तीन मीटर उंच वाढते आणि त्याच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की लोक त्याला झुडूप न म्हणता जाळीच म्हणतात. पाने समोरासमोर येणारी, जाड, चामड्यासारखी चिवट व वरून तकतकीत असतात, आणि पानांतून बाष्परूपाने निघून जाणारे पाणी अशा जाड पृष्ठभागामुळे कमी होते. काटे जोडीने येतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले असतात आणि ते सालीवरचे वरवरचे उंचवटे नसून फांद्यांचेच रूपांतर असल्यामुळे सहज मोडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाच पाकळ्यांची, नळीसारख्या बुडाची, जाईची आठवण करून देणारी पांढरी सुवासिक फुले झुबक्यांनी येतात. त्यांपासून धरलेली हिरवी फळे तांबूस होत मे महिन्यात काळीभोर होतात. आतला गर काही जाळ्यांवर लाल तर काही जाळ्यांवर फिकट असतो, आणि फळ फोडण्याआधी ‘कोंबडा की कोंबडी’ असे विचारण्याचा मुलांचा खेळ याच फरकावर उभा आहे.

पिकलेल्या काळ्या करवंदांना ‘डोंगरची काळी मैना’ म्हणत विकणारे लोक पळसाच्या पानांच्या द्रोणात ती मोजून देत असत. हिरवी करवंदे आंबट व तुरट असल्यामुळे ती कैरीबरोबर लोणच्यात, चटणीत आणि मुरंब्यात जातात; चीक निघावा म्हणून ती आधी मिठाच्या पाण्यात ठेवणे चांगले. फळात पेक्टिन, म्हणजे साखर व आंबटपणा यांच्या संगतीने रस गोठवणारे द्रव्य, भरपूर असल्यामुळे करवंदाची जेली उत्तम होते. बेकरीच्या केकवर आणि गोड पानात ‘चेरी’ म्हणून जे लाल फळ लावलेले असते, ते बहुतेक वेळा बिया काढून, रंगवून साखरेच्या पाकात मुरवलेले करवंदच असते, हे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. व्यापारी लागवडीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे वाण, तर उत्तराखंडातील पंतनगर विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ ही वाणे दिली आहेत.

आयुर्वेदात करवंदाला ‘करमर्द’ असे नाव असून सुश्रुतसंहितेतील कंटकपंचमुळांत, म्हणजे पाच काटेरी वनस्पतींच्या मुळांच्या गटात, त्याचा समावेश होतो. चाकूर तालुक्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण वडवळ नागनाथ येथील टेकडी, म्हणजे स्थानिकांचे संजीवनी बेट, औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून उत्तरा नक्षत्राच्या काळात लोक तेथे उपचारासाठी येतात. तथापि करवंदाच्या मुळांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. म्हणून फळ खाणे वेगळे आणि मूळ उगाळून घेणे वेगळे, आणि जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय मुळाच्या वाटेस जाऊ नये.

खाण्यापेक्षाही करवंदाचा मोठा उपयोग कुंपणाचा आहे. दाट वाढलेल्या जाळीतून गुरे शिरत नाहीत, शेळ्यांनाही जून फांद्यांचे काटे नडतात, आणि एकदा रुजलेले झुडूप तोडले तरी बुडातून पुन्हा फुटते. बुलबुलांसारखे पक्षी फळे खाऊन बिया दूर टाकतात, ससे आणि तितर जाळीच्या आडोशाने राहतात, आणि जाळीत पडलेल्या इतर झाडांच्या बियांना चरणाऱ्या जनावरांपासून संरक्षण मिळून त्यांची रोपे काट्यांमधून वर येतात. उजाड माळावर पुन्हा झाडे यावीत अशी इच्छा असणाऱ्यांनी हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा मानला पाहिजे. लातूर जिल्ह्याचा एक टक्का भागही वनाच्छादित नाही, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या जिल्ह्यात झुडपाची निवड पाण्याचा हिशेब ठेवूनच व्हायला हवी. असे असताना बांध कोरून शेत वाढवण्याच्या आणि तारेचे कुंपण घालण्याच्या नादात जुन्या जाळ्या यंत्राने उपटल्या जातात, हे नुकसानीचेच आहे. तारेला फळ येत नाही आणि ती मातीही धरून ठेवत नाही.

करवंद लावणे अवघड नाही, फक्त वेळ पाळावी लागते. बियांची उगवणशक्ती फार लवकर कमी होते. त्यामुळे पिकलेल्या फळांतून काढलेल्या बिया धुऊन, सावलीत कोरड्या करून, साठवून न ठेवता जूनच्या सुरुवातीलाच पिशव्यांत लावाव्यात आणि पुढच्या पावसाळ्यात रोपे बांधावर हलवावीत. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात अधूनमधून पाणी आणि शेळ्यांपासून राखण एवढे मिळाले, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ धरू लागते. चाकूर परिसरातील शेतकऱ्यांनी निदान आपल्या बांधावर उरलेल्या जाळ्या राखाव्यात आणि येत्या जूनमध्ये त्यांचेच बी धरावे.