परीक्षा वैद्यकीची की धैर्याची?

अंगी विद्या असल्याची खात्री पटल्यावाचून कोणी रोग्याच्या नाडीला हात लावू नये, हा दंडक काही आजचा नव्हे. शास्त्राचे अध्ययन केलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, त्याचा स्वतः सराव केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्यच व्यवसायास योग्य होय, असे सुश्रुतसंहिता सांगते. आपल्या गोव्यातही १६१८ साली पोर्तुगीज नगरसभेने प्रमुख वैद्याधिकाऱ्याकडून परीक्षा झाल्याखेरीज कोणी वैद्यकी करू नये, असे फर्मान काढले. मात्र त्याबरोबरच हिंदू वैद्यांची संख्या तिसाच्या वर जाता कामा नये, अशी मेखही मारून ठेवली. एकतिसावा वैद्य कितीही निष्णात असो, त्याला दार बंद! परवान्याच्या परीक्षेचा हेतू एकच असावयास हवा, तो म्हणजे रोग्याचे रक्षण. त्या हेतूच्या आडोशाला दुसरा हेतू येऊन उभा राहिला की परीक्षेचे काय होते, याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना होय.

त्याची आज आठवण होण्याचे कारण म्हणजे वैद्यकीय पदवी हाती आलेल्या अथवा येऊ घातलेल्या हजारो तरुणांना ग्रासून राहिलेली परवाना परीक्षेची धास्ती. परदेशात पदवी घेतलेल्या भारतीयास येथे व्यवसाय करावयाचा तर २००२ पासून एक चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. एका दिवसात दोन भागांत मिळून ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांतील १५० बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. कागदावर हे सोपे दिसते. परंतु जून २०२३ च्या सत्रात जेमतेम दहा टक्के आणि २०२४ च्या मध्याला झालेल्या सत्रात सुमारे एकवीस टक्के उमेदवारच पार पडले. या आकड्यांत पुन्हापुन्हा बसणारेही धरलेले असतात, त्यामुळे अखेरीस उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण याहून बरे असते, हे खरे. पण पुन्हापुन्हा बसणे म्हणजे वयाची ऐन उमेदीची वर्षे खोलीच्या चार भिंतींत घालवणे, हेही तितकेच खरे.

ही मुले परदेशी जातात ती हौसेने नव्हे. २०२४ साली ‘नीट’ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांतील सरकारी जागा साधारण निम्म्या. बांबोळीच्या गोमेकॉत वा बेळगाव-कोल्हापूरकडच्या सरकारी महाविद्यालयांत काही गुणांनी हुकलेल्या मुलाच्या बापापुढे दोन वाटा उरतात. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क हा आवाक्याबाहेरचा डोंगर, आणि रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया वा फिलिपाईन्स ही त्यामानाने स्वस्त भासणारी पाऊलवाट. मग भविष्य निर्वाह निधी मोडला जातो, बागायत गहाण पडते. एजंटाच्या गुळगुळीत माहितीपत्रकात वसतिगृहाची छायाचित्रे असतात, भारतीय जेवणाची हमी असते; त्या विद्यापीठातले किती पदवीधर चाळणीतून पार पडले, एवढा एकच आकडा नसतो. वास्तविक परीक्षा मंडळाने विद्यापीठवार निकाल वेळोवेळी जाहीर केलेले आहेत. पण ते पाहावेत हे पालकाला सांगणार कोण?

परक्या मुलखातली पदवी घरी पुन्हा कसाला लागणे, हा अनुभव गोमंतकीयांना नवा नाही. १८४२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेच्या पदवीधरांपैकी अनेकांनी पुढे पोर्तुगालात जाऊन तिकडची पदवी नव्याने संपादन केली. त्या परीक्षेमागे साम्राज्याचा अहंकारही होता. आजच्या चाळणीमागे मात्र रास्त कारण आहे. तिकडचे वर्ग इंग्रजीत चालले तरी खाटेवरचा रोगी रशियन वा किर्गिझ बोलणार. विद्यार्थ्याला त्याचे दुखणे त्याच्याच तोंडून नीट कळत नसेल, तर रोग्याशी त्याचा संबंध तो काय येणार? त्यातच २०२० च्या महासाथीने चीनमधल्या मुलांना घरी धाडले आणि शरीराला हात न लावता पडद्यावर वैद्यक शिकण्याची पाळी आणली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो मुले अर्धवट अभ्यासक्रम घेऊन परतली. या दुर्दैवात त्यांचा दोष नाही. परंतु दोष नसणे आणि तयारी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच ही परीक्षा रद्द करा, अथवा तिची काठिण्यपातळी उतरवा, अशी जी मागणी अधूनमधून होते, तिला आमची संमती नाही. सत्तरीतल्या एखाद्या गावी काजूच्या बागेतून आलेल्या मजुराला ताप भरतो, तेव्हा तो साधा हिवताप नसून माकडताप असू शकेल, ही शंका डॉक्टरच्या मनात वेळेवर यावीच लागते. तेथे सहानुभूतीचे गुण मिळत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला. चौदा राज्यांच्या वैद्यकीय परिषदाही त्यात गोवल्या गेल्या. कुंपणच असे शेत खाऊ लागले तर रोग्याने कोणाच्या पाटीवर विश्वास ठेवावा?

तेव्हा प्रश्न परीक्षा कठीण असण्याचा नाही. ती कशासाठी कठीण आहे, हा आहे. सुश्रुताने सांगितलेल्या कसोट्यांपैकी बहुपर्यायी प्रश्नपत्रिका पहिलीच काय ती लावते. कर्म पाहिले आहे काय, हात सरावला आहे काय, हे तीनशे चौकोनांतून कळत नाही. शिवाय प्रश्नपत्रिका उमेदवाराला परत मिळत नाही, उत्तरांची फेरतपासणी नाही. आपण कोठे कमी पडलो हे न कळताच तो पुढच्या सत्राच्या तयारीला लागतो. रोगाचे निदान न सांगता औषध घेत राहा म्हणणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो?

येथपर्यंतची कथा परदेशी पदवीधरांची. पण आता देशातच शिकणाऱ्यांच्या डोक्यावरही टांगती तलवार आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ नावाची एकच परीक्षा योजली. तीच एमबीबीएसची अंतिम परीक्षा, तोच व्यवसायाचा परवाना, पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी तिच्यावरूनच लागायची आणि परदेशी पदवीधरांची चाळणीही तीच. आधीच्या विधेयकातील स्वतंत्र परवाना परीक्षेला विरोध झाल्यावर, मुलांवर जादा परीक्षेचा भार नको म्हणून हे एकत्रीकरण पुढे आले, ही यातली गंमत! एका दगडात चार पक्षी मारण्याची युक्ती कागदावर छानच. पण दगड ज्याच्या डोक्यावर पडायचा त्याला विचारले कोणी? जून २०२३ मध्ये नियम निघाले, २८ जुलैला सराव परीक्षा ठरली आणि १३ जुलैला सगळेच लांबणीवर पडले. कायद्याने दिलेली मुदत वाढवली, तीही उलटली, आणि ‘नेक्स्ट’ची टांगती तलवार तशीच राहिली. कठीण परीक्षेची तयारी करता येते; अनिश्चित परीक्षेची कशी करावी?

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण विशेषज्ञतेच्या जागा वाटण्यासाठी वापरले जाऊ लागले आणि मुले रोग्यांना विसरून गुणांमागे धावू लागली. अखेर जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लावण्यात येऊ लागला. पण दुसऱ्या टप्प्याचे गुण तसेच ठेवल्याने स्पर्धेचा भार बराचसा तिकडे सरकला. यातला धडा उघड आहे. ‘हा डॉक्टर रोग्यासाठी सुरक्षित आहे काय?’ आणि ‘हा इतरांच्या पुढे आहे काय?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर होय किंवा नाही असे असते. दुसऱ्याला अंत नसतो. दोन्ही एकाच उत्तरपत्रिकेवर विचारले की पहिला प्रश्न दुसऱ्याखाली चिरडला जातो.

या चिरडण्याचे मोल केवळ गुणांत मोजून भागणार नाही. वैद्यकीय आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, पाहणीत सहभागी झालेल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मनोविकाराचे निदान झाल्याचे सांगितले. उद्या ज्यांनी दुसऱ्याचे दुःख हलके करावयाचे, त्यांचीच ही अवस्था असेल तर ती खाजगी बाब उरत नाही.

आमच्या मते परवान्याची परीक्षा स्वतंत्र असावी, तिचा निकाल उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच असावा, तीत खाटेजवळच्या प्रत्यक्ष परीक्षेला मानाचे स्थान असावे आणि प्रश्नपत्रिका उत्तरांसह नंतर जाहीर व्हाव्यात. ज्या वर्षी विद्यार्थी प्रवेश घेतो त्या वर्षीचे नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहावेत. आमच्या सरकारलाही दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. परदेशी निघालेल्या मुलांच्या पालकांपुढे विद्यापीठवार निकाल मांडणारे एखादे मार्गदर्शन केंद्र बांबोळीत उघडणे आणि परतलेल्यांना गोमेकॉचे ग्रंथालय व बाह्यरुग्ण विभाग निरीक्षक म्हणून खुले करणे, यास कितीसा खर्च येणार?

कसोटी लागावी, कठोरपणे लागावी. पण ती वैद्यकीची लागावी, धैर्याची नव्हे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या एकतिसाव्या वैद्याला निदान दार का बंद आहे हे ठाऊक तरी होते. आजच्या मुलाला तेवढेही कळू नये, हे आपल्या व्यवस्थेला भूषणावह नाही.