ध्रुवप्रदेशांतील संशोधन आणि नवीं यंत्रें



वैशाखांत जेथें पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, त्या चंद्रपूर जिल्ह्यांतील चिमूरच्या एका निवृत्त शाळामास्तरानें ध्रुवावरील बर्फाविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या जिल्ह्याचा आणि दक्षिण ध्रुवाचा संबंध फार जुना आहे, व त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. पैनगंगेच्या खोऱ्यांत इरई नांवाचें गांव आहे. तेथील चुनखडीच्या खडकावर एकाच दिशेनें गेलेले समांतर ओरखडे भूगर्भ खात्याच्या फेडनसाहेबांनीं पाहिले व १८७५ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. असे ओरखडे हिमनदी पाडते. सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशीं अडकलेले दगडगोटे खालचा खडक कानशीप्रमाणें घांसत जातात. सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वीं ही भूमि दक्षिण गोलार्धांत, ध्रुवाजवळ, बर्फाखालीं दडपलेली होती. पुढें बर्फ हटला, अरण्यें वाढलीं, आणि त्या अरण्यांचा कोळसा आज बल्लारपूर व घुग्घूसच्या खाणींतून निघतो.

त्या कोळशाच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या वनस्पतीचीं जिभेच्या आकाराचीं पानें शिळारूप झालेलीं सांपडतात. १९१२ सालीं कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परततांना बर्फांत मृत्युमुखीं पडले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारें सोळा किलो दगड होते. भुकेनें व थंडीनें प्राण कंठाशीं आले असतांहि तें ओझें त्यांनीं टाकलें नाहीं. त्या दगडांत ह्याच ग्लॉसॉप्टेरिसचीं पानें निघालीं! आमचा मुलूख आणि तें हिमखंड एके काळीं एकाच भूमीचे भाग होते, ह्या मताला त्या पानांनीं मोठा आधार दिला. ह्या प्राचीन महाखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, तें ज्यांची एक राजधानी चांदा होती त्या गोंडांच्या नांवावरूनच.

स्कॉटच्या काळीं संशोधकाजवळ हातोडा, वही, तापमापक आणि स्वतःचे डोळे एवढींच साधनें होतीं. मनुष्य जेथें जाई तेथलेंच कळे, आणि तो जिवंत परतला तरच कळे. अंटार्क्टिकाचें क्षेत्रफळ सुमारें एक कोटि चाळीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे हिंदुस्थानच्या चौपटीहून अधिक. बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास. व्होस्तोक ह्या रशियन ठाण्यावर १९८३ च्या जुलैंत उणे ८९.२ अंश सेल्सिअस इतकें तपमान नोंदलें गेलें. हिवाळ्यांत तेथें कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं. एवढ्या विस्तारावर आणि एवढ्या थंडींत माणसें पेरून निरीक्षणें कशीं व्हावींत? येथेंच नव्या यंत्रविद्येचें काम सुरू होतें.

आमच्या शेजारचें उदाहरण घ्या. ताडोबाच्या जंगलांत पूर्वीं वाघांची मोजणी पाऊलखुणांवरून करीत. आतां झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. वाघ समोरून गेला कीं चित्र निघतें, मग ती मध्यरात्र असो वा भर पावसाळा. माणसाला जेथें रात्रंदिवस बसतां येत नाहीं, तेथें न थकणारा पहारेकरी बसविणें, हें त्यांतील तत्त्व. ध्रुवप्रदेशांतील यंत्रांचेंहि तत्त्व हेंच आहे.

आपल्या देशानें हें काम गोव्याहून आरंभिलें. डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालीं एकवीस जणांची पहिली तुकडी डिसेंबर १९८१ मध्यें गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता ह्या दोन भारतीय स्त्रिया तेथें पोंचल्या. त्याच मोहिमेंत उभारलेलें ‘दक्षिण गंगोत्री’ हें ठाणें पुढें बर्फांत गाडलें गेलें. ‘मैत्री’ हें ठाणें १९८९ सालीं खडकावर उभें राहिलें, आणि २०१२ सालीं तेथून सुमारें तीन हजार किलोमीटरांवर ‘भारती’ सुरू झालें. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्रि’ हें केंद्र आहे. ह्या सर्वांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतें.

आतां यंत्रें काय करतात तें क्रमानें पाहूं.

पहिलें काम बर्फाच्या आरपार पाहण्याचें. बाजारांत मडकें घेतांना आपण तें बोटानें वाजवून पाहतों, नादावरून आंतली चीर कळते. रेडिओच्या लहरींनीं बर्फ असाच वाजवितां येतो. विमानाची उंची मोजणारीं रेडिओ-यंत्रें बर्फावरून उडतांना चुकीचे आंकडे दाखवीत, कारण लहरी पृष्ठभागावरून न परततां बर्फ भेदून तळच्या खडकावरून परतत. ह्या दोषाचाच शास्त्रज्ञांनीं उपयोग करून घेतला. थंड बर्फांत रेडिओलहरी सेकंदाला सुमारें एक लाख अडुसष्ट हजार किलोमीटर धांवते. लहर तळाशीं जाऊन येण्यास एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं बारा भाग लागले, तर बर्फ सुमारें एक किलोमीटर जाड आहे असें समजावें. ज्या लहरींवरून माझा आवाज आपल्या घरांत येत आहे, त्यांच्याच जातीच्या लहरींनीं बर्फाखालचे डोंगर, दऱ्या आणि तळीं दाखविलीं. व्होस्तोक ठाण्याच्या खालीं जवळजवळ चार किलोमीटर बर्फाच्या तळाशीं सुमारें अडीचशें किलोमीटर लांबीचें तळें आहे, हें अशा साधनांनींच निश्चित झालें.

दुसरें काम वजन करण्याचें. हिमखंड तराजूंत कसें घालणार? २००२ सालीं ‘ग्रेस’ नांवाचे दोन जुळे उपग्रह एकामागें एक, सुमारें दोनशेंवीस किलोमीटर अंतरावर, पृथ्वीभोंवतीं सोडण्यांत आले. खालीं वस्तुमान अधिक असेल तेथें पुढचा उपग्रह किंचित् अगोदर ओढला जाई व दोहोंमधील अंतर बदले. हा बदल केंसाच्या जाडीहूनहि कमी असला तरी मोजला जाई. त्यावरून प्रतिमासीं बर्फ किती घटला हें काढतां आलें. १९१७ सालच्या शास्त्रज्ञानें ज्याची कल्पनाहि केली नसती, तें हें जोडपें २०१७ पर्यंत चाललें, आणि २०१८ सालीं त्याच्या जागीं दुसरें जोडपें गेलें. ग्रीनलंड दरवर्षीं सरासरी अडीचशें अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावीत आहे, अंटार्क्टिका शंभर अब्ज टनांहून अधिक, हें आपणांस ह्या तराजूनें सांगितलें. आपल्या देशानेंहि फ्रान्सच्या सहकार्यानें २०१३ सालीं ‘सरल’ हा उंची मोजणारा उपग्रह सोडला, आणि जुलै २०२५ मध्यें अमेरिकेसह तयार केलेला ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या रडारला ढग व अंधार यांचा अडथळा होत नाहीं, त्यामुळें ध्रुवाच्या दीर्घ रात्रींतहि बर्फाची हालचाल त्याला टिपतां येते.

उपग्रहानें पाहिलेलें खालीं उतरविण्यास ध्रुवाजवळची जागा फार सोयीची. उत्तर-दक्षिण फिरणारा उपग्रह दिवसाला सुमारें चौदा फेऱ्या करतो. त्यांपैकीं मोजक्याच हैदराबादेजवळच्या शादनगर केंद्राच्या दृष्टिपथांत येतात, परंतु ध्रुवाजवळून तो प्रत्येक फेरींत जातो. म्हणून २०१३ सालीं ‘भारती’ ठाण्यावर ग्रहणकेंद्र उभारलें व तेथून ती माहिती दुसऱ्या उपग्रहामार्फत शादनगरास येऊं लागली.

तिसरें काम समुद्राच्या पोटांत शिरण्याचें. स्वालबार्डच्या कोंग्सफ्यॉर्डेन ह्या खाडींत २०१४ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं ‘इंडार्क’ ही यंत्रमाला १९२ मीटर खोल नांगरून ठेविली. वरून हिवाळा असो वा वादळ, ती पाण्याचें तपमान, खारेपणा व प्रवाह नोंदवीत राहते. दक्षिण महासागरांत तर संशोधकांनीं सीलनांवाच्या प्राण्यांनाच मदतनीस केलें आहे. त्यांच्या डोक्यावर लहानसें यंत्र चिकटवितात. प्राणी भक्ष्यासाठीं एक किलोमीटरहून खोल बुडी मारतो, वर आला कीं यंत्र उपग्रहास वृत्त कळवितें, आणि वर्षाकांठीं कात टाकतांना यंत्रहि गळून पडतें.

चौथें काम भूतकाळ वाचण्याचें. सागवानाच्या खोडांतील वर्तुळें मोजून झाडाचें वय सांगतात, तसे बर्फाचे थर वर्षानुवर्षें सांचलेले असतात, आणि प्रत्येक थरांत त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात. युरोपीय शास्त्रज्ञांनीं डोम-सी येथें तीन किलोमीटरांहून अधिक खोल छिद्र पाडून आठ लाख वर्षांची हवा मिळविली. त्या सबंध काळांत कर्बवायूचें प्रमाण दहा लाखांत सुमारें तीनशें भागांच्या वर गेलें नव्हतें, आज तें चारशेंवीसहून अधिक आहे. जानेवारी २०२५ मध्यें त्यांच्याच नव्या मोहिमेनें बारा लाख वर्षांचा बर्फ वर काढल्याचें जाहीर केलें. गोव्याच्या दमट उकाड्यांतहि आपल्या केंद्रांत उणे वीस अंशांच्या खोल्या आहेत, आणि त्यांत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंड जपून ठेविले जातात.

पांचव्या कामाचा पाया महाराष्ट्रांतच घातला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळ तेथील नोंदींत सांपडलें. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळें सुया विचलित होणार, म्हणून डॉ. नानाभाई मूस ह्यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविलें. त्याच परंपरेंतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचीं यंत्रें अंटार्क्टिकावरहि चालतात. सूर्याकडून येणारे विद्युत्कण पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या वाटेनें ध्रुवांजवळच खालीं उतरतात, त्यामुळें वादळाची चाहूल तेथें प्रथम लागते. मार्च १९८९ मध्यें अशाच वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांत सुमारें नऊ तास अंधारांत बुडाला होता.

मग ह्यापुढें माणसानें तेथें जावेंच कशाला, असें कोणी विचारील. त्याचीं दोन उत्तरें आहेत. एक, यंत्र खरें बोलतें कीं खोटें, हें पडताळण्यास कोणीतरी त्या जागीं जाऊन बर्फ मोजलाच पाहिजे. उपग्रहाला बर्फाची उंची कळते, परंतु ती उंची ताज्या भुसभुशीत हिमाची कीं घट्ट बर्फाची, हें फावड्यानें खणल्यावांचून नीट कळत नाहीं. दुसरें, यंत्रहि हरवतें. स्वीडनची ‘रान’ ही मनुष्यरहित पाणबुडी २०२२ सालीं अंटार्क्टिकाच्या डॉटसन हिमफळीखालीं एक हजार किलोमीटरांहून अधिक फिरली व बर्फाच्या तळाचा पूर्वीं कोणीहि न पाहिलेला नकाशा घेऊन परतली. २०२४ च्या आरंभीं ती पुन्हां त्याच बर्फाखालीं गेली ती आलीच नाहीं. कोट्यवधि रुपयांचें यंत्र गेलें, पण मनुष्यप्राण गेला नाहीं. स्कॉटच्या काळाशीं तुलना केली म्हणजे ह्या फरकाचें मोल कळतें. त्याबरोबर हेंहि ध्यानांत ठेवावें कीं मोडकें यंत्र म्हणजे त्या निर्मळ भूमींतला केर होय. अंटार्क्टिकाच्या करारांत आपला देश १९८३ सालीं सामील झाला, आणि २०२२ सालीं त्यासंबंधीं स्वतःचा कायदाहि केला. नेलेलें परत आणणें हा तेथील धर्म आहे.

शेवटीं खर्चाचा प्रश्न. चिमूरच्या धानकऱ्यानें विचारावें, “मास्तर, माझ्या बांधींत पाणी नाहीं, आणि सरकार बर्फ मोजतें?” प्रश्न रास्त आहे, तो टाळूं नये. त्याच्या बांधींत पाणी आणणारा मान्सून दक्षिण गोलार्धांतील महासागरावरून वारे घेऊन येतो, आणि त्या महासागराचें दक्षिण टोंक अंटार्क्टिकाच्या बर्फास भिडलेलें आहे. उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरचें बर्फाचें आच्छादन उपग्रहांनीं १९७९ पासून अखंड मोजलें आहे. सप्टेंबरांतील त्याचा विस्तार तेव्हांपासून पुष्कळच आकसला आहे, आणि त्या घटीचा आपल्या पावसाच्या लहरीपणाशीं काय संबंध आहे, ह्याचा शोध गोव्याचे व पुण्याचे शास्त्रज्ञ घेत आहेत. पेरणीच्या आधीं पंधरा दिवस शेतकऱ्यास अधिक भरंवशाचा अंदाज मिळाला, तर त्या बर्फाच्या मोजणीचा खर्च त्याच्या एका हंगामाच्या बियाण्यांत भरून निघेल. आणि आमच्याच गांवचीं मुलें पोटासाठीं मुंबईस समुद्राच्या कांठीं राहतात. वितळलेला बर्फ त्यांच्या दारांत भरतीचें पाणी होऊन येणार आहे.

ह्या कामांत उशीर करून चालणार नाहीं, ह्याचें कारण साधें आहे. पुस्तक फाटलें तर दुसरी प्रत मिळूं शकते, बर्फाच्या बखरीला दुसरी प्रत नाहीं. जो थर वितळला त्यांतील हवा, धूळ व साक्ष कायमची गेली. म्हणून ती आतांच वाचून घेतली पाहिजे, आणि वाचणारीं माणसें आपल्या शाळांतून तयार झालीं पाहिजेत. विदर्भांतील एखाद्या मुलीस किंवा मुलास गणिताची व निरीक्षणाची गोडी लागली असेल, तर आईबापांनीं “हें आपलें काम नव्हे” असें त्यास म्हणूं नये. नागपुरास जन्मलेली एक मुलगी तेथवर गेली होती, आणि इरईच्या खडकावर ध्रुवाचा बर्फ आपल्याकडे केव्हांच येऊन गेला आहे.