माल मांडलाच नाही, तर गिऱ्हाईक कोठून येणार?

कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ काढला. या काळात एक वाक्य शेकडो वेळा कानावर पडले, आणि खरे सांगायचे तर आमच्याही तोंडून ते अनेकदा निघाले: ‘‘हा माल आपल्याकडे चालत नाही.’’

धंदा नवीन असताना एका ठोक व्यापाऱ्याकडे आम्ही उंची ड्रेस मटेरियल मागितले. त्याने दुकानाचा पत्ता विचारला आणि हसून म्हणाला, ‘‘तुमच्या वस्तीत स्वस्त माल न्या. हा तिथे पडून राहील.’’ आम्ही दुसरीकडून रोखीने दोन तागे उचलले आणि दर्शनी भागात लावले. ईदच्या आठवडाभर आधी दोन्ही संपले. चालत नाही असे त्या गृहस्थाला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. त्याने तो माल आमच्या वस्तीत कधी पाठवलाच नव्हता.

ही आठवण होण्याचे कारण अमेरिकेच्या पुस्तक बाजाराची हकीगत आहे. पुस्तक हाही शेवटी मालच आहे. त्यालाही कागद, छपाई, गोदाम, वितरक, किरकोळ दुकानदार, उधारी आणि परतावा हे सर्व लागते. त्या बाजारात कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी लोकांच्या पुस्तकांविषयी हेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले. व्यापारी बांधवांनी ही हकीगत समजून घेण्यासारखी आहे.

आकडे काय सांगतात?

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते, म्हणजे शेकडा ७ सुद्धा नाही. पुस्तकात नेहमी गोरीच मुले का असतात, या एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नापासून तो लेख सुरू होतो.

वीस वर्षांनंतर, १९८५ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने मोजदाद सुरू केली. त्या वर्षी निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके होती फक्त १८. याच केंद्राच्या आकड्यांनुसार २०१८ साली शेकडा ५० पुस्तकांचे मुख्य पात्र गोरे होते, तर शेकडा २७ पुस्तकांत प्राणी, मोटारी वगैरे होते. कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी या सर्वांची बेरीज शेकडा २३ भरते. म्हणजे या सर्व समाजांच्या मुलांना मिळून अस्वल, ससे आणि मोटारींइतकीही जागा नव्हती!

गिऱ्हाईक नव्हते म्हणावे तर तेही खरे नाही. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील अठरा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले गोऱ्या समाजाबाहेरची आढळली. मुले शाळेत होती, आईबाप पैसे खर्च करीत होते, ग्रंथालये खरेदी करीत होती. मांडणीत माल नव्हता.

खरेदी कोण करतो?

तेथील धंद्याची रीत अशी. लेखक आपले हस्तलिखित दलालाकडे देतो. दलालाची दलाली साधारणपणे शेकडा १५. दलाल ते प्रकाशन संस्थेच्या संपादकाला दाखवतो. संपादकाला पसंत पडले तरी त्याच्या एकट्याच्या हाती काही नसते. विक्री आणि जाहिरात विभागाच्या लोकांसमोर त्याला नफ्या-तोट्याचा अंदाज मांडावा लागतो. हा अंदाज कसा काढतात? गेल्या काही वर्षांत निघालेली तशीच दोन-तीन पुस्तके घ्यायची, त्यांची विक्री पाहायची आणि त्यावरून नव्या पुस्तकाची किंमत करायची. लेखकाला इसार किती द्यायचा, प्रती किती छापायच्या, जाहिरातीवर किती खर्चायचे, हे सर्व त्या आकड्यावर ठरते.

वरवर पाहता ही रीत चोख आहे. आम्हीही गेल्या हंगामाची वही पाहूनच नव्या हंगामाची खरेदी करतो. परंतु जो माल मागे ठेवलाच नाही, त्याची नोंद वहीत कोठून सापडणार? तशी पुस्तके पूर्वी निघाली नाहीत म्हणून अंदाज कमी येतो. अंदाज कमी म्हणून इसार कमी, प्रती कमी, जाहिरात जवळजवळ नाहीच. मग पुस्तक खपत नाही, आणि तोच खप पुढच्या लेखकाच्या गळ्यात बांधला जातो. यात कोणी उघड द्वेष करण्याची गरजच उरत नाही. वहीच ते काम करते.

२०२० च्या जून महिन्यात अनेक लेखकांनी आपल्याला मिळालेल्या इसाराचे आकडे जाहीर केले. त्या वेळी जेस्मिन वॉर्ड या कृष्णवर्णीय लेखिकेने सांगितले की, नॅशनल बुक अवॉर्ड हा मोठा पुरस्कार मिळाल्यानंतरही एक लाख डॉलरच्या इसारासाठी त्यांना झगडावे लागले. गुणवत्तेचा शिक्का बसलेल्या मालाची ही गत, तर नवख्याचे काय होत असेल?

ज्यांनी स्वतःची पेढी काढली

काही लोक दुसऱ्याच्या दारात थांबले नाहीत. १९६७ साली शिकागोत हाकी मधुबुती या कवीने आपल्या तळघरातील खोलीत ४०० डॉलर भांडवल आणि एक चक्रमुद्रण यंत्र यांवर ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ सुरू केली.

न्यू जर्सीतील वेड आणि शेरिल हडसन या दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी अक्षरओळखीचे पुस्तक तयार केले. प्रकाशकांनी ते नाकारले. १९८७ साली दोघांनी स्वतःच ते छापले आणि पुढच्याच वर्षी ‘जस्ट अस बुक्स’ ही संस्था उभी केली.

१९९१ साली टॉम लो आणि फिलिप ली या दोन चिनी वंशाच्या अमेरिकनांनी न्यू यॉर्कमध्ये ‘ली अँड लो’ ही बालपुस्तकांची पेढी काढली. निरनिराळ्या समाजांच्या मुलांची पुस्तके हाच तिचा धंदा. शाळा व ग्रंथालये हे तिचे मोठे गिऱ्हाईक आहे आणि जुनी पुस्तके छापत राहण्यावर तिचा भर आहे. आज लो कुटुंबाची दुसरी पिढी ती चालवते.

या लहान पेढ्यांच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. अमेरिकेत १९३० च्या दशकातील मंदीपासून न खपलेली पुस्तके प्रकाशकाला परत करण्याची रीत आहे. मोठी संस्था हा परतावा पचवते. लहान पेढीचे भांडवल मात्र परत आलेल्या गठ्ठ्यांत अडकून बसते. आपल्यापैकी ज्यांनी ‘विकले तर पैसे’ या बोलीवर माल दिला आहे, त्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको.

मोठ्या संस्थांतील खुर्च्या

टोनी मॉरिसन यांना १९९३ साली साहित्याचे नोबेल मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या ‘रँडम हाऊस’ या बड्या संस्थेत संपादिका होत्या, हे कमी लोकांना ठाऊक असेल. मुहम्मद अली यांचे १९७५ चे आत्मचरित्र त्यांच्याच हाताखालून गेले. अनेक कृष्णवर्णीय लेखक त्यांच्यामुळे छापले गेले. १९८३ साली त्या बाहेर पडल्या आणि त्या संस्थेतील अशा लेखकांची संख्या घटली. एका माणसाच्या नजरेवर चाललेली खरेदी त्या माणसाबरोबर निघून गेली.

‘ली अँड लो’ने २०१५ साली या धंद्यातील नोकरदारांची पाहणी केली. शेकडा ७९ गोरे आढळले. २०१९ साली ७६ आणि २०२३ साली ७२.५. एकूण आकडा असा हळूहळू उतरला. परंतु संपादन विभागात, म्हणजे जेथे मालाची निवड होते तेथे, २०१५ साली ८२ असलेला आकडा २०१९ साली ८५ झाला होता!

मधल्या काळात काही चांगलेही घडले. २०१४ साली लेखकांनी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही मोहीम सुरू केली आणि तिची पुढे संस्था झाली. २०१६ साली ‘सायमन अँड शुस्टर’ने मुस्लिम मुलांच्या कथांसाठी ‘सलाम रीड्‌स’ ही स्वतंत्र शाखा जाहीर केली. पाकिस्तानी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या झरीन जाफरी तिच्या प्रमुख होत्या. २०१७ साली हिना खान यांची ‘अमिनाज व्हॉइस’ ही कादंबरी तेथून निघाली. २०१८ नंतर बालपुस्तकांचे आकडेही सुधारले आहेत.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाली आणि देशभर निदर्शने झाली. तेव्हा मोठ्या संस्थांनी भराभर नेमणुका केल्या. डेना कॅनेडी ‘सायमन अँड शुस्टर’च्या मुख्य शाखेच्या प्रकाशक झाल्या, तर लिसा लुकस ‘पँथिऑन’च्या. दोघीही कृष्णवर्णीय. पहिल्या दोन वर्षांत बाहेर पडल्या. दुसऱ्यांना मे २०२४ मध्ये काढण्यात आले. पुस्तकाचा करार होऊन ते दुकानात यायलाच दीड-दोन वर्षे जातात. बी पेरून पहिले पीक येते न येते तोच शेतकरी बदलला, तर जमिनीची परीक्षा झाली असे कसे म्हणावे?

आणखी एक अडचण पगाराची. न्यू यॉर्कसारख्या महागड्या शहरात नवशिक्याचा पगार इतका अपुरा की घरचा आधार असलेलाच टिकतो. नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ‘हार्परकॉलिन्स’मधील कर्मचाऱ्यांनी संप केला. किमान पगार ४५,००० डॉलरवरून वाढवावा ही त्यांची मागणी होती, आणि तिच्या जोडीला सर्व समाजांच्या लोकांना वाव मिळावा ही दुसरी. पगार टप्प्याटप्प्याने ५०,००० पर्यंत नेण्याचे ठरले. दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या हे महत्त्वाचे. गरिबाच्या मुलाला पोट भरता येत नसेल, तर दार उघडे असून उपयोग काय?

आपण काय घ्यावे?

या हकीगतीतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ‘चालत नाही’ म्हणण्यापूर्वी माल कितीदा आणि कोठे लावला होता, हे स्वतःला विचारावे. दुसरी, खरेदीला बसणारे सर्व एकाच मोहल्ल्याचे आणि एकाच घराचे असतील, तर निम्मे गिऱ्हाईक नजरेआड राहते. हा नियम गोऱ्या प्रकाशकाला लागू आहे तसा आपल्या दुकानालाही लागू आहे. आमच्या पेढीवर वर्षानुवर्षे बायकांच्या कपड्यांची खरेदी फक्त पुरुष करीत होते, हे आम्ही येथे कबूल करतो. तिसरी, नव्या वाणाला निदान तीन हंगाम द्यावेत. एका हंगामाच्या तोट्यावर निकाल लावणे म्हणजे व्यापार नव्हे.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी ही पुस्तके विकत घ्यायला त्यांना आवर्जून सांगावे, आणि जवळच्या ग्रंथालयात लेखी मागणी नोंदवायला सांगावे. मागणी वहीत चढली तरच पुढच्या लेखकाचा हिशेब बदलेल. सहानुभूतीचे शब्द त्या वहीत लिहिले जात नाहीत, विकलेली प्रत मात्र लिहिली जाते.